रिकाम्या लेथचे बिल कुणाच्या माथी?

पंपाचा शाफ्ट घासला की आपण घोडेगावला लेथवर धाव घेतो. तिथे जरा नीट पाहा. टूल लोखंडाला लागलेले नसते, माप घेणे चाललेले असते, तरी मोटार फिरतेच. समजा, रिकाम्या मशीनने तासाला अर्धा युनिट खाल्ला. रोज दोन तास धरले, तर २५ दिवसांत २५ युनिट फुकट! आपली बरीचशी वीज कोळशाची. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे साडेसतरा किलो वायू, अन् बिल शेवटी आपल्याच मजुरीत.

तेव्हा शाफ्टबरोबर बेअरिंगही न्या, म्हणजे काम दुबार होणार नाही. कारागिरानेही टूलला धार ठेवावी, माप घेताना मोटार बंद करावी. ग्रामसेवकांनो, पाणीयोजनेचा पंपही उन्हाळ्याआधीच दाखवून घ्या.