सोलर आहे घरी? मग पंखा-दिवे थेट डीसीवर चालवा!

चांदूर रेल्वेकर मंडळी, घरच्या वायफाय राउटरचा अडॅप्टर काढून त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुट: बहुतेक 12 व्होल्ट डीसी. मोबाइल, एलईडी दिवे, बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा, सगळे आतून डीसीवरच चालतात.

सोलर पॅनेल डीसी देतं, बॅटरी डीसी साठवते. मधे इन्व्हर्टर त्याचं एसी करतो आणि अडॅप्टर पुन्हा डीसी. दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते. हा फेरा टाळण्यासाठी आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या चमूने घरांसाठी 48 व्होल्ट डीसी व्यवस्था तयार केली. 2017 मध्ये तिच्यासाठी आयएस 16711 हे भारतीय मानकही आलं.

48 व्होल्टच का? 60 वॅटला 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात, 48 वर फक्त सव्वा. त्याच वायरमधला तोटा 16 पटींनी घटतो.

खरी बचत पंख्यात आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात तो रात्रभर थांबत नाही. साधा पंखा सुमारे 75 वॅट, बीएलडीसी 30 च्या आसपास. 12 तासांत 900 ऐवजी 360 वॅट-तास!

सुरुवात एका खोलीपासून करा. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. स्विच आणि एमसीबी डीसीसाठीचेच घ्या, कारण डीसीची ठिणगी सहज विझत नाही. फ्रीज, मिक्सर, मोटारपंप एसीवरच राहू द्या. जोडणी मात्र जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.