वजन किती, यापेक्षा वजन कुठे?

मागचं व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं होतं, "सर, पूल खेळायला क्यू बनवून घ्यायची आहे. कारागीर विचारतो, वजन किती ठेवू? काय सांगू?" निवृत्तीनंतर संध्याकाळी आम्ही क्लबातल्या टेबलाभोवती सापडतो, हे त्याच्या कानावर गेलं असावं. प्रश्न साधा दिसतो, पण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. आज ते गृहीतच तपासू.

आधी आकडे. पूलची क्यू साधारण 58 इंच लांब असते आणि बहुतेक खेळाडू 18 ते 21 औंसांची वापरतात. एक औंस म्हणजे सुमारे 28 ग्रॅम. स्पर्धांच्या नियमांत वरची मर्यादा 25 औंसांची आहे, म्हणजे निवडीला भरपूर वाव आहे. चेंडू साडेपाच ते सहा औंसांचा असतो. म्हणजे फरक जो काही करायचा, तो दोन-तीन औंसांतच.

आता आमची फजिती सांगतो. आम्ही पहिली क्यू बनवून घेतली तेव्हा 21 औंस सांगितले. वय झालं, हातातला जोर ओसरला, तेव्हा उरलेला जोर काठीने लावावा, हा आमचा तर्क. तर्क चुकीचा होता. क्यूचा वेग तोच राहिला, तर 19 चे 21 औंस केल्याने चेंडूचा वेग जेमतेम दोन-सव्वादोन टक्क्यांनी वाढतो. आणि मुळात वेग तोच राहत नाही! जड काठी तितक्याच वेगाने पुढे न्यायला हाताला जास्त मेहनत पडते. आमचा खांदा धरला आणि हलके फटके हमखास लांब जाऊ लागले.

मग आम्ही उपाय काढला. मागच्या टोकाला आत बोल्ट असतो, वजन कमी-जास्त करण्यासाठी. आमच्या क्यूत तो दोन औंसांचा होता. काढून टाकला. काठी 19 औंसांवर आली, आम्ही खूश. पण टेबलावर वाकलो तर काय? पुढचा हात म्हणतो, ही आधीपेक्षा जड झाली! वजनकाटा म्हणतो हलकी, हात म्हणतो जड. खरं कोण बोलतंय?

दोघंही. हिशेब करून बघू. क्यू एका बोटावर आडवी तोलून धरली की ती जिथे स्थिर राहते, तो तिचा तोलबिंदू. आमच्या क्यूत तो मागच्या टोकापासून 18 इंचांवर होता. बोल्ट टोकाजवळ, सुमारे एक इंच आत. तो काढल्यावर तोलबिंदू जवळजवळ 19.8 इंचांवर सरकला. आता आपला मागचा हात टोकापासून 5 इंचांवर आणि पुढचा 48 इंचांवर आहे असं धरा. पूर्वी पुढच्या हातावर सुमारे 180 ग्रॅम भार येत होता, आता 185. मागच्या हातावर मात्र 415 चे 353 झाले. म्हणजे एकूण 57 ग्रॅम कमी झाले आणि पुढच्या हाताचं ओझं वाढलं. बोल्ट मुठीच्याही मागे होता, तरफेसारखा पुढचं टोक उचलून धरत होता. तो गेला, पुढचं टोक खाली आलं.

इथे वैशेषिकांची आठवण होते. त्यांनी गुरुत्व हा 24 गुणांपैकी एक मानला. पण प्रशस्तपाद म्हणतात, हा गुण प्रत्यक्ष होत नाही. वस्तू पडते, त्यावरून त्याचं अनुमान करावं लागतं. हातातल्या क्यूचंही तसंच आहे. हाताला ग्रॅम कळत नाहीत. काठी कोणत्या बाजूने पडू पाहते, ते कळतं, आणि त्यालाच आपण 'जड' किंवा 'हलकी' म्हणतो. मराठीत तर 'तोलणं' म्हणजे वजन करणं आणि 'तोल' म्हणजे समतोल. एकाच शब्दात दोन्ही गोष्टी नांदतात. आम्हीच त्यांची फारकत केली होती.

तेव्हा कारागिराला वजनाचा एकच आकडा सांगू नका. आधी ज्या क्यूने आपण मनासारखं खेळतो, ती मित्राची असो वा क्लबातली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. बोटावर धरून तोलबिंदू शोधा आणि मागच्या टोकापासून टेपने मोजा. खेळताना आपली मूठ कुठे पडते, तेही मोजा. हे तीन आकडे कारागिराला द्या.

मग विचारा: हे वजन लाकडातून आणणार की बोल्टने? लाकडं सारखी नसतात. एबनी मेपलपेक्षा बरंच जड. म्हणून काही कारागीर जड लाकूड आतून कोरून त्यात मेपलचा दांडा बसवतात. जॉइंटचंही विचारा. पोलादी जॉइंट काठीच्या मध्यावर वजन आणतो, तोलबिंदू पुढे सरकतो. लाकडी किंवा फिनोलिक जॉइंटने तो मागे राहतो. अमेरिकेतला नामवंत कारागीर जॉर्ज बालाबुश्का (1912–1975) बहुधा पोलादी जॉइंट वापरी. त्याच्या धाटणीची क्यू हौसेने मागवाल, तर तो पुढचा भारही सोबत येईल. तो आपल्या हाताला मानवतो का, हे आधी बघा. आणि दुसरा शाफ्ट घेणार असाल तर त्याचं वजन पहिल्याशी जुळवून घ्या, नाहीतर शाफ्ट बदलला की तोलही बदलेल.

आमची दुसरी क्यू साडेअठरा औंसांची आहे. खांदा आता बरा आहे. नेम अजून चुकतो, पण दोष काठीवर ढकलता येत नाही, एवढीच काय ती अडचण.

आज इथेच थांबू.