23 वर्षांच्या आधी

ऑपेरा हाऊस हे बऱ्याच मुंबईकरांच्या लेखी बस स्टॉपचं नाव आहे. ‘ऑपेरा हाऊसला उतर’ असं सांगणाऱ्याच्या मनात हिरेबाजार असतो, नाहीतर केनेडी पूल. रॉयल ऑपेरा हाऊस 1993 साली बंद झालं आणि 2016च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडलं. मधल्या काळात इमारत कुलपात आणि नाव बेस्टच्या पाटीवर.

मी गेले ती बॉक्सेस पाहायला. रंगमंचाच्या दोन्ही अंगांना भिंतीतून पुढे आलेले ते नक्षीदार सज्जे फोटोत पाहिले, तेव्हाच खटकलं होतं. हे सिनेमाचं थिएटर होतं ना? मग तिथे बसून पडदा दिसायचा कसा? एवढ्या तिरक्या कोनातून नायकाचा एक कान तेवढा दिसला असता. त्याचं उत्तर असं की, सिनेमा आला तेव्हा बॉक्सेस निघाले. नाटकाला येणाऱ्या बड्या मंडळींनी पाहावं आणि पाहिलंही जावं, यासाठी त्या जागा होत्या. दिवे मालवल्यावर कोण कोणाला पाहणार! आज जे दिसतात ते जुन्या छायाचित्रांवरून नव्याने उभे केलेले.

दुपारची वेळ, प्रयोग नव्हता. एका बॉक्सच्या कठड्याशी लाकडी घोड्यावर चढून मिस्त्री डागडुजी करत होते. नक्षीचा कोपरा उडाला होता. शाबूत तुकड्यावरून साचा घ्यायचा, त्यात पीओपी ओतायचं, मजबुतीला काथ्याचे धागे दाबायचे, सुकलं की चिकटवून कडा घासायच्या. पीओपी फार वेळ देत नाही, म्हणून मिस्त्री रबरी वाटीत जेमतेम दोन मुठी कालवत होते. ओल्या खडूसारखा वास सुटला होता. साच्यातून निघालेला तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. तो चक्क गरम होता.

“जमताना तापतं, मॅडम,” ते म्हणाले. मग आपण होऊन, “23 साल बंद होतं हे.”

फाटकावरच्या वॉचमननेही मला हेच सांगितलं होतं. दिवे तपासणाऱ्यानेही. 23 वर्षं! ते सांगताना प्रत्येकाचा आवाज थोडा चढत होता, जणू बंद राहणं हाच या वास्तूचा पराक्रम.

बाकीचा इतिहास तोंडपाठ करण्यासारखा आहे. कलकत्त्याहून आलेला मनोरंजन-व्यावसायिक मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका हे पारशी गृहस्थ, या दोघांचं हे स्वप्न. 1911 साली, काम अपुरं असतानाच, पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन. बरोक थाट, ससून घराण्याने दिलेली झुंबरं, आठ भागांत विभागलेला आणि कवी-नाटककारांना वाहिलेला घुमट. 1952मध्ये इमारत गोंडलच्या राजघराण्याकडे आली. जीर्णोद्धार वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी केला आणि 2017मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. काम देखणं आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो खरवडण्याबद्दल. जुन्या वास्तूचा मूळ रंग शोधताना बारीक पात्याने एकेक थर सोलत खाली जातात. सगळ्यात वरचा थर सगळ्यात अलीकडचा, त्यामुळे आधी जातो तोच. इथे वरचे थर होते सिनेमाच्या काळातले. 1930च्या दशकापासून 1993पर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं, हे मुख्यतः सिनेमाचं थिएटर होतं. गिरगावातल्या चाळींतली माणसं इथे आली ती त्या काळात, तिकिटाचे पैसे मोजून. जिथे बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, तिथेच पृथ्वीराज कपूर आपल्या पृथ्वी थिएटर्सची नाटकं करत आणि खेळ संपल्यावर दाराशी झोळी पसरून उभे राहत. गायन, नाटक, सिनेमा. ऑपेराच काय तो इथे कमी झाला. आणि आपण परत आणलं ते नेमकं ऑपेऱ्याचं वर्ष.

मला हे पटत नाही. 1911 सुंदर होतं म्हणून 1960 पुसायचं, हा न्याय कुठला? बॉक्स काढणाऱ्यांनी मोडतोड केली असं म्हणतात. त्यांनी समोरच्या प्रेक्षकाची सोय पाहिली, असंही म्हणता येतं. अर्थात, तो काळ तसाच ठेवला असता तर ही इमारत आज उभी तरी असती का, हा प्रश्न माझ्या विरुद्ध जातो. संगमरवर आणि झुंबरांसाठी पैसा उभा राहतो. डागाळलेल्या पडद्यासाठी कोण देणार?

“पडदा कुठे होता?” मी मिस्त्रींना विचारलं.

त्यांनी हातातल्या पटाशीने रंगमंचाच्या दिशेने एक मोघम रेघ ओढली. “असेल तिथेच. आमच्या आधीचं आहे ते.”

मी म्हटलं, निदान एखाद्या कोपऱ्यात तळहाताएवढा जुना थर तसाच सोडता आला असता. थिएटरचा रंग म्हणून. लोकांना दाखवायला.

मिस्त्रींनी वाटीतलं घट्ट झालेलं पीओपी ठोकून पाडलं आणि नवं कालवायला घेतलं. “तसं असेल तर आधी सांगायला लागतं,” ते म्हणाले. “त्याला ना साचा लागतो, ना माल. फक्त हात लावायचा नाही.”