पानिपतावर सरदार किती पडले?

लढाईची हकिकत ऐकताना श्रोता पहिल्याने विचारतो की जय कोणाचा झाला. आणि लगेच दुसरा प्रश्न करतो की माणसे किती पडली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका शब्दात देता येते. दुसऱ्याचे उत्तरही आपण एका आकड्यात मागतो आणि मिळाला की समाधान पावतो. तो आकडा कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने मोजला याची विचारपूस सहसा होत नाही. ती कशी करावी, हे पानिपतच्या एका उदाहरणावरून पाहण्याचा आज विचार आहे. सगळ्या सैन्याची गणती बाजूला ठेवून आपण फक्त सरदारांपुरते बोलू. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संग्रामात मराठ्यांचे सरदार किती होते, आणि त्यांपैकी किती पडले?

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे मदतीस निघाले असता वाटेत भेलशाच्या सुमारास त्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले, असे इतिहासग्रंथ सांगतात. पत्राची भाषा सराफी पेढीची, म्हणजे सांकेतिक होती. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा यांची तर मोजदादच होत नाही, असा त्याचा आशय. दोन मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे सरदार. खुर्दा म्हणजे सामान्य लढवय्ये. तेव्हा उत्तर तयार आहे: सत्तावीस!

पण हे उत्तर जरा तपासून पाहू. पत्र पेशव्यांच्या हाती आले ते २४ जानेवारीला, लढाईनंतर अवघ्या दहा दिवसांनी. त्या दहा दिवसांत फुटलेले लष्कर दशदिशांना पांगलेले होते. कोणी सूरजमल जाटाच्या मुलखाकडे चालले होते, कोणी रानोमाळ लपतछपत होते. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले होते. राणेखान भिस्त्याने त्यांना वाचवले म्हणून पुढे १७९४ पर्यंत ते हयात राहिले. नाना फडणीस त्या वेळी अठरा वर्षांचे होते, तेही हालअपेष्टा सोसून परत आले. वाचलेली माणसे एकत्र जमण्यापूर्वी मेलेल्यांचा हिशेब पुरा होणे शक्य नाही. म्हणून सत्तावीस हा आकडा पहिल्या बातमीचा आकडा आहे. त्याची किंमत बातमी म्हणून मोठी. पण त्याला हिशेबाचा शेवटचा ताळा समजता येणार नाही. हा आकडा हाती धरून त्यात बसतील अशी सत्तावीस नावे शोधत सुटणे म्हणजे जमाखर्च आधी मिळवून मग पावत्या तयार करणे होय.

मग सरळ मार्ग कोणता? आधी नावे, मागाहून आकडा. पण नावे मांडू लागताच पहिली अडचण उभी राहते, ती अशी की सरदार म्हणावे कोणाला? सरंजाम खाऊन स्वतःचे पथक बाळगणारे शिंदे, होळकर, पवार, गायकवाड हे निःसंशय सरदार. पण हुजुरातीत पेशव्यांच्या खास पागेवर हुकमत चालवणारा अधिकारी सरदार की नोकर? गारद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख इब्राहिमखान सरदार खरा, पण त्याच्या हाताखालच्या पलटणीच्या नायकाला काय म्हणावे? शंभर स्वार घेऊन आलेल्या शिलेदाराला त्याच्या गावी आजही सरदारच म्हणतात. व्याख्या जितकी ढिली, तितका आकडा फुगणार. व्याख्या कोणतीही घ्या, पण ती मोजण्यापूर्वी ठरवा आणि मोजून होईपर्यंत बदलू नका, एवढेच शास्त्र सांगते.

आता एक यादी प्रत्यक्ष घेऊ. नबाब शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा मुत्सद्दी होता. तो शत्रूच्या छावणीत होता आणि दोन्ही पक्षांची बोलणी त्याच्या कानांवरून जात. त्याने पुढे फारसीत या युद्धाची हकिकत लिहिली. जेम्स ब्राउन याने १७९१ साली तिचे इंग्रजी भाषांतर केले. तीत मराठ्यांच्या सरदारांची पथकवार यादी आहे. जनकोजी शिंदे दहा हजार, मल्हारराव होळकर पाच हजार, अशी ती चालते आणि एकंदर बेरीज ५५,००० स्वार, १५,००० पायदळ व २०० तोफा अशी देते. बखरींतल्या लाखांच्या गोष्टींपुढे ही बेरीज पुष्कळ संयमाची आहे. तथापि आपले काम बेरजेशी नसून नावांशी आहे. यादीतली ओळख पक्की असलेली दहा नावे आपण घेऊ: मल्हारराव होळकर, दमाजी गायकवाड, विठ्ठल शिवदेव विंचूरकर, बळवंतराव मेहेंदळे, यशवंतराव पवार, विश्वासराव, जनकोजी शिंदे, इब्राहिमखान गारदी, समशेरबहाद्दर आणि अंताजी माणकेश्वर. या दहांपैकी पानिपतावर किती पडले?

होळकर, गायकवाड आणि विंचूरकर हे तिघे वाचले. म्हणजे राहिले सात. पण बळवंतराव मेहेंदळे हे १४ जानेवारीला जिवंतच नव्हते. डिसेंबर १७६० मधल्या चकमकीत त्यांना गोळी लागली होती. काशीराजाने छावणीतले बळ सांगताना त्यांचे नाव धरले, ते योग्यच आहे. पण ती यादी लढाईच्या दिवसाची नाही, हे वाचणाऱ्याने ओळखले पाहिजे. उरले सहा. त्यांपैकी विश्वासराव आणि यशवंतराव पवार हे दोघे रणात पडले. जनकोजी शिंदे आणि इब्राहिमखान जखमी स्थितीत पकडले गेले व कैदेत मारले गेले. समशेरबहाद्दर घायाळ होऊन निसटले आणि जाटाच्या मुलखात जखमांनी वारले. अंताजी माणकेश्वर परतीच्या वाटेवर फरुखनगरकडे मारले गेले.

तेव्हा उत्तर काय? रणभूमीवर प्राण गेलेलेच धरायचे असतील तर दोन. त्या लढाईच्या पायी ज्यांचा अंत झाला ते सर्व धरले तर सहा. पानिपतच्या छावणीपासूनचे धरले तर मेहेंदळ्यांसह सात. याच हिशेबाने मागे गेले तर डिसेंबर १७६० मध्येच, रसद तोडण्याच्या कामावर असता मारले गेलेले गोविंदपंत बुंदेले येतात. आणि आणखी मागे गेले तर १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी शिंदे येतात. माणसे तीच, कागद तेच, पण प्रश्न कसा विचारला यावर दोनाचे सात होतात. म्हणून ज्या आकड्याबरोबर प्रश्न लिहिलेला नाही तो आकडा अर्धाच समजावा.

ही अडचण आपल्याच कागदपत्रांची आहे, असे मात्र कोणी मानू नये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे जनरल किती होते व किती मेले हा प्रश्न ज्यांनी हाती घेतला, त्यांच्यापुढेही हेच कोडे आले. त्या राष्ट्राची दप्तरे किती टापटिपीची! १९५२ साली फोल्टमान आणि म्योलर-विटेन या दोघांनी आपल्या जनरलांच्या मृत्यूंचा एक ग्रंथभर हिशेब मांडला. पण तेथेही सैन्यातले वैद्य आणि पशुवैद्य जनरलच्या दर्जाला पोहोचलेले आहेत. त्यांना धरायचे की नाही? काहींना मरणोत्तर बढती मिळाली. ते जनरल म्हणून मेले काय? डीटल १९४४ साली विमान कोसळून गेला. मोडेल याने १९४५ साली स्वतःला गोळी घालून घेतली. हिटलरविरुद्धच्या कटात सापडलेल्या विट्झलेबेनला १९४४ च्या ऑगस्टमध्ये फाशी झाली. त्याआधी काही दिवस त्याला सैन्यातून काढून टाकले होते, म्हणजे मरणाच्या दिवशी तो सेनापती नव्हताच. आणि रोमेलला १४ ऑक्टोबर १९४४ रोजी विष घ्यायला लावून सरकारने जाहीर केले की तो जखमांनी वारला. दप्तर टापटिपीचे असले म्हणजे ते खरे बोलतेच असे नाही.

मृत्यूच्या खात्रीवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे आपल्या इतिहासात भाऊसाहेबांच्या बाबतीत दिसून आले. रणभूमीवर त्यांचा देह शोधण्यात आला, ओळख पटवण्यात आली, अंत्यविधीही झाला. काशीराज स्वतः त्या खटपटीत होता. परंतु देह शिरावेगळा सापडलेला, आणि ओळखणारे थोडे. पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत स्वतःला विधवा मानले नाही. घरातली ही शंका पुढे राज्यावर आली. भाऊसाहेब म्हणवणारा तोतया उभा राहिला, कोकणात त्याच्याभोवती फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. पुणे दरबारला सैन्य पाठवून त्याचा बंदोबस्त करावा लागला व १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. एका माणसाच्या मृत्यूची नोंद निर्विवाद नव्हती, त्याचा हा पंधरा वर्षांनंतरचा खर्च.

मग अशी नोंद निर्विवाद कशी करावी? प्रत्येक नावाचे स्वतंत्र टिपण करावे. त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: तो माणूस हयात असल्याचे शेवटचे पत्र कोणत्या तारखेचे, तो मेल्याचे पहिले पत्र कोणत्या तारखेचे व कोणी लिहिलेले, त्याचा सरंजाम किंवा वतन पुढे कोणाच्या नावे केव्हा झाले, आणि तारखेनंतर त्याचे नाव कोठे जिवंतपणी आढळते काय. ही चौथी गोष्ट सर्वांत उपयोगाची. बखरीने मारलेला माणूस दोन वर्षांनी हिशेबाच्या कागदात रोजमुरा घेताना सापडला, तर बखर बाजूला ठेवावी. मेलेल्याच्या मुलाबाळांना सरकार बालपरवेशी म्हणून नेमणूक देई. ती सनद म्हणजे मृत्यूचा दाखलाच. लढाईचे वर्णन करणारा अतिशयोक्ती करील, पण पैसे देणारा कारकून मेलेल्याची खातरी करूनच देतो.

या कामाची साधने आपल्या अंगणातच आहेत. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो याच काळाच्या पत्रांचा. त्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांनी संपादले. त्यांचे उत्तरायुष्य आपल्या शेजारच्या मावळात, कामशेतला गेले. त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतची भूमी स्वतः पाहून ग्रंथ लिहिला. पुराभिलेखागारातील मोडीचे हजारो रुमाल अजून वाचकाची वाट पाहत आहेत.

आणि मुळशीकरांना यात करण्यासारखे काय आहे? पौड, मुठे, मोसे ही खोरी म्हणजे जुन्या मावळांचाच भाग. आपला पूर्वज पानिपतावर पडला, असे पुष्कळ घरांत सांगतात. ती समजूत खोटी म्हणून झिडकारू नये, आणि खरी म्हणून लगेच छापूही नये. घरातल्या पेटीत मोडी कागद असेल तर तो जाणत्याकडून वाचून घ्यावा. गावच्या वेशीवरची वीरगळ दाखवून हा पानिपतचा वीर असे सांगण्याची घाई करू नये, कारण अशा शिळा बहुतेक पानिपतच्या कित्येक शतके आधीच्या असतात. धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्या मुळशीला हे वेगळे सांगायला नको की गाव उठला म्हणजे शिळा, कागद आणि सांगणारी माणसे तिन्ही एकदम पांगतात. म्हणून जे उरले आहे त्याची नोंद आज व्हायला हवी.

कारण त्या सावकारी पत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपण फारसे पाहत नाही. मोती मोजले, मोहरा मोजल्या. खुर्दा मोजलाच नाही. पानिपतात सव्वा लाख बांगडी फुटली असे आपण म्हणतो, पण त्या बांगड्यांतली एकही कोणाची ते सांगू शकत नाही. मोहरांची नावे कोरायची आणि खुर्द्याची बेरीज तेवढी ठेवायची ही रीत जुन्या काळाबरोबर संपली असेही नाही. पहिल्या महायुद्धात इराकात पडलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. ज्या आयोगाकडे ही स्मारके आहेत त्यानेच २०२१ साली हा भेद आपल्या अहवालात कबूल केला.

सरदारांची यादी अचूक करणे हे या मोठ्या कामातले सोपे काम आहे, कारण त्यांची पत्रे आहेत, सनदा आहेत, घराणी आहेत. तेच जर आपण सत्तावीस म्हणून उरकून टाकले, तर ज्यांची पत्रे नाहीत त्यांच्या वाट्याला काय येणार? मावळच्या खोऱ्यांतून जी माणसे शतकानुशतके भाला घेऊन निघाली, ती बहुतेक या खुर्द्यातली होती. त्यांपैकी एकाचे जरी नाव, गाव आणि मृत्यूची तारीख कागदाच्या आधाराने कोणी पक्की केली, तरी मोजदाद होत नाही म्हणून सोडून दिलेल्या त्या रकमेतला एक रुपया जमेला आला, असे म्हणता येईल.