फॅनी लू हेमर आणि शहाद्याच्या बायका

दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा वर्तमानपत्रांत घोड्याचं नाव, उंची आणि लाखांतली किंमत छापून येते. त्याच शहादा तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वी भिल्ल बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. त्यांच्यापैकी एकीचंही नाव सामान्य मराठी वाचकाला सांगता येणार नाही. कर्तबगार स्त्रियांच्या याद्या आपण आवडीने वाचतो. गुलामगिरीतून पळालेली हॅरिएट टबमन, बसमधली जागा न सोडणारी रोझा पार्क्स. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना, म्हणजे त्या लढ्याशी आपला धागा जुनाच आहे. पण अशा याद्या कर्तृत्वाइतक्याच नोंदीवरही बेतलेल्या असतात, आणि शहाद्याच्या बायका त्यांत नाहीत त्या केवळ नोंदीअभावी.

कृष्णवर्णीय अमेरिकी फॅनी लू हेमरचं उदाहरण घ्या. वीस भावंडांतली ही धाकटी मिसिसिपीच्या मळ्यांत सहाव्या वर्षापासून कापूस वेचायची. १९६२ साली मतदारयादीत नाव घालायला ती गेली, म्हणून मालकाने तिला मळ्यावरून हाकललं. पुढच्या वर्षी तुरुंगात तिला बेदम मारहाण झाली. १९६४ साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात तिने हे सगळं सांगितलं, तेव्हा समोर टीव्हीचे कॅमेरे होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तिच्याकडचं लक्ष वळवायला घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली, तरी रात्रीच्या बातम्यांत तिचं बोलणं घरोघरी पोचलं. तिचं धैर्य अस्सलच. पण कॅमेरा नसता तर? मॉन्टगोमेरीच्या बसबहिष्काराचंही तसंच. रोझा पार्क्सला अटक झाली त्या रात्री जो अ‍ॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने हजारो पत्रकं छापून काढली, आणि मग वर्षभराहून अधिक काळ पायी कामावर गेल्या त्या मुख्यतः घरकाम करणाऱ्या बायका. एक नाव उरलं, बाकीच्यांची पायपीट त्याच्यामागे गेली.

आता शहादा. इथली काळी कसदार जमीन बघता बघता भिल्लांच्या हातून सावकार आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेली, आणि मूळचे धनी त्याच शेतावर सालदार झाले, आखाजी (अक्षय्य तृतीया) ते आखाजी राबणारे. भिल्लांमधल्याच अंबरसिंग सुरतवंती, म्हणजे अंबरसिंग महाराज, यांनी भजनमंडळांतून माणसं जागी केली. १९७२ साली कुमार शिराळकरांसारख्या शिकलेल्या तरुणांच्या साथीने श्रमिक संघटना उभी राहिली. संघटनेचे मुख्य विषय जमीन आणि मजुरी. दारूचा विषय बायकांनी पुढे रेटला, कारण मजुरी वाढली तरी ती घरी येण्याआधी गुत्त्यात जात होती, आणि घरी यायचा तो मार. बायका जमावाने गावोगाव निघाल्या, गुत्त्यांत शिरल्या, गाळपाची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला लोकांसमोर माफी मागायला लावली. घरातला मार हा गावाचा प्रश्न आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं; शहरातल्या स्त्रीवादी चर्चेत तो विषय नीट यायचा होता त्या आधीच. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७६ साली या चळवळीवर लेख लिहिला, म्हणून निदान एवढं तरी कळतं.

यावर आक्षेप येतात. पहिला असा की हे शहरी कार्यकर्त्यांनी पेटवलेलं होतं. पेटवलं असेल, पण दारूबंदी त्यांच्या मूळ कार्यक्रमात नव्हती, आणि गुत्तेवाल्याशी वैर घेऊन त्याच गावात राहायचं होतं ते बायकांनाच. शिवाय हेमरलाही मतदार-नोंदणीची वाट दाखवली ती बाहेरून आलेल्या तरुणांनीच. त्यामुळे तिचं कर्तृत्व कुणी उणं धरत नाही. दुसरा आक्षेप जास्त जड आहे: मोहाची दारू आदिवासींच्या देवाधर्मात आहे, मग ही बंदी म्हणजे उच्चवर्णीय सोवळेपणाची उसनवारी नव्हे का? अंबरसिंग महाराजांच्या भजनी वळणात त्याची छटा होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बायकांचा राग होता तो मजुरी गिळणाऱ्या धंद्यावर. देवाला वाहिलेल्या धारेवर नव्हे. तिसरा आक्षेप, दारू परत आली. आली खरी. हेमरने १९६९ साली काढलेली सहकारी शेतीही फार टिकली नाही. पण शहाद्यासारख्या लढ्यांच्या काळातच आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा महाराष्ट्राने केला, १९७४ चा. तो कागदावर किती आणि बांधावर किती, हा वेगळा वाद.

राहिला नावांचा प्रश्न. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, बोलतं करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली उभं केलं. शहादा आणि शेजारच्या तळोद्याच्या गावांत हे काम व्हायचं तर ते भिली बोलीतच व्हायला हवं, प्रश्नावली हातात धरून प्रमाण मराठीत नव्हे. तेव्हाच्या वीस-बावीस वर्षांच्या पोरी आता सत्तरीच्या पुढे आहेत.