व्यवसायाचा रकाना

निवासी शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यापुढे बहुधा एकच शब्द लिहिलेला असतो : मजुरी. कसली, किती महिने, कोणाच्या शेतावर, हे त्यावरून उमगत नाही. हीच संदिग्धता घरोघरच्या पाहणीतही उतरते. आणि तेथे ती योजनांच्या आकड्यांत जाऊन बसते.

गावगाड्यात व्यवसाय विचारण्याची गरजच नव्हती. तो जन्माबरोबर ठरत असे. जातिव्यवस्था कामांची नव्हे, तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधून दाखवून दिले. जनगणनेचा प्रश्न मात्र वेगळा आहे : गेल्या वर्षभरात आपण प्रत्यक्ष कोणते काम केले? या प्रश्नाचे मोल आपल्या समाजाने तरी ओळखले पाहिजे.

२००१ व २०११ च्या जनगणनांत काम करणाऱ्यांचे चार वर्ग होते : शेती करणारे, शेतमजूर, घरगुती उद्योगातील आणि ‘इतर’. या ‘इतर’मध्ये जालन्याच्या रोलिंग मिलमधील भट्टीवरचा कामगार, मोंढ्यातील हमाल आणि जिल्हाधिकारी असे सारेच एकत्र येतात! शेती करणारा आणि शेतमजूर यांतील सीमारेषा सातबाऱ्यावर ठरत नाही, ती पिकाच्या जोखमीवर ठरते. म्हणून भूमिहीन बटाईदार हा शेती करणारा ठरतो. जमीन बटाईने देऊन तिच्याकडे न फिरकणारा मालक ठरत नाही.

सहा महिने वा अधिक काम करणारा ‘मुख्य’, त्याहून कमी करणारा ‘सीमांतिक’. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतील ऊसतोड कामगारांची नोंद येथेच चुकण्याचा संभव असतो. ‘ऊसतोडीला जातो’ एवढेच सांगितले, तर पाच महिनेच भरतात. त्यापुढची खुरपणी आणि कापूसवेचणी सांगितली, तर तोच माणूस मुख्य शेतमजूर ठरतो. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ असतो. जनगणनेत मात्र त्या दोन व्यक्ती, दोन नोंदी. राष्ट्रीय नमुना पाहणीची रीत आणखी निराळी. ती गेल्या ३६५ दिवसांतील सर्वांत मोठ्या उत्पन्नावरून संपूर्ण कुटुंबाचा वर्ग ठरवते. मुलगा नोकरीला लागला की घर पगारदारांत जाते. आईचे खुरपे त्या नोंदीत दिसत नाही.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असून तीत जातीचीही नोंद होणार आहे. जात सांगितली म्हणून जातीचा पिढीजात धंदा सांगावयाचा नाही. व्यवसायाचा प्रश्न स्वतंत्र आहे. धर्म ‘बौद्ध’ असा निःशंकपणे सांगावा. १९९० च्या दुरुस्तीनंतर त्यामुळे अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय राहते.

२०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या गणनेच्या काळात जो सर्वकाळ गावाबाहेर होता, त्याची मोजणी तो जेथे आढळला तेथे झाली. फेब्रुवारी म्हणजे गळिताचा ऐन हंगाम. अशा कुटुंबातील आईबाप कारखान्याच्या तळावर, मुले वसतिगृहात आणि आजी गावी, अशी तीन ठिकाणी गणना होते. गावच्या घरी प्रगणकाला उत्तर देणारी आजीच. ‘मी काय करते, घरीच असते,’ असे ती म्हणते. दारातल्या म्हशीचे सारे तीच पाहते, आणि दूध केवळ घरापुरते असले तरी जनगणनेच्या व्याख्येने ते कामच आहे. हे तिला आधी सांगून ठेवण्याचे काम सुटीत गावी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल.