टाचेने सांगितलेलं इच्छापोर

आमच्या जळगावातून जाणारा महामार्ग पश्चिमेला नेमका कुठे संपतो, याचं कुतूहल मला लहानपणापासून होतं. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. धुळे, साक्री, नवापूर मागे टाकत तो सुरतेपाशी तापी ओलांडतो आणि हजिऱ्याला समुद्राजवळ थांबतो. भुसावळकडून येणारी आपली तापीही तिथेच समुद्राला मिळते. या रस्त्याच्या आणि नदीच्या शेवटच्या टप्प्यावर इच्छापोर आहे. मराठी कानाला हे नाव नवसाने झालेल्या लेकरासारखं वाटतं. पण भाटपोर, पालनपोर ही शेजारची नावं ऐकली की कळतं, हा ‘पोर’ म्हणजे आपला ‘पूर’.

तापी व्हॅलीच्या गाडीने पहाटे सुरतेला उतरलो. स्टेशनपासून इच्छापोर बारा-पंधरा किलोमीटर. शेअर रिक्षाने चौकात सोडलं तेव्हा नऊ वाजले होते आणि मार्चअखेरचं ऊन आत्ताच चटका देत होतं. सोबत एक काका होते. मूळचे अमळनेरचे, हजिऱ्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आता सुरतेच्या पाल भागात राहणारे. नोकरीनिमित्त काही वर्षं ते अमेरिकेत ह्यूस्टनला होते आणि मुलगा फिनिक्सला असल्यामुळे तिथेही त्यांचं जाणं-येणं आहे. ते म्हणाले, “गाव बघायचं तर पायी बघू. मग कळेल इथे माणूस कसा राहतो ते.”

इतिहास थोडक्यात सांगतो. इथून जवळच सुवाळीचा किनारा आहे. १६१२ मध्ये इंग्रजांच्या जहाजांनी तिथल्या समुद्रात पोर्तुगिजांना हरवलं आणि १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तिथेच उतरला. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या सुरतेच्या स्वाऱ्या मराठी वाचकाला सांगायला नकोत. मग हजिऱ्याला खत, वायू आणि पोलादाचे कारखाने आले, कवासला वीजकेंद्र आलं, इच्छापोरात हिऱ्यांचा जेम अँड ज्वेलरी पार्क झाला. शेतांच्या मधोमध असलेलं गाव कामाला जाणाऱ्यांच्या वाटेवर आलं.

आधी जुन्या गावात शिरलो. गुजरातीत त्याला गामतळ म्हणतात आणि गल्लीला फळिया. घरं एकमेकांना खेटून, प्रत्येक दारापुढे ओटला. गल्ली अरुंद असल्याने एका बाजूच्या घरांची सावली दुसऱ्या बाजूच्या उंबऱ्यापर्यंत पोचते. एका ओटल्यावर आजी तांदूळ निवडत होत्या, पलीकडे एक मुलगा दप्तर घालून शाळेकडे रमतगमत चालला होता. समुद्राकडून वारा येत होता. आम्ही अर्धा तास फिरलो आणि मला एकदाही घाम पुसावा लागला नाही. काका म्हणाले, “न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या फ्रेंच वस्तीत असंच आहे. वरच्या मजल्याचे लोखंडी सज्जे पार फुटपाथच्या कडेपर्यंत आलेले. ऊन असो, पाऊस असो, माणूस सज्ज्याखालून चालतो.”

गामतळ संपलं आणि हमरस्ता आला. तिथे चालणं थांबलं आणि जीव सांभाळणं सुरू झालं. पोलादाच्या गुंडाळ्या लादलेले ट्रेलर, टँकर, कामगारांच्या बसगाड्या. डांबर संपतं तिथे खडी, खडीपुढे गटार. जिथे फुटपाथ आहे तिथे तो मध्येच तुटतो, कुठे त्यावर विजेची पेटी, कुठे दुकानाची पायरी. रस्ता ओलांडायला आम्हाला सात मिनिटं लागली. पलीकडे शेतांच्या बांधावर जुनी झाडं दिसत होती. रस्त्याच्या या कडेला मात्र सावली नव्हती.

एका टोकाला एकच कडुनिंब उरला आहे. त्याखाली चपला शिवणारे एक दादा बसतात, नंदुरबारकडचे. समोर ऐरण, हाताशी रापी, आरी, मेण लावलेला दोरा. माझं मराठी कानावर पडताच त्यांनी अहिराणीत विचारलं, “कथा जाई राहिनात, दादा?” मी म्हटलं, कुठे नाही, तुमच्याकडेच. मग तासभर मी तिथून हललो नाही.

त्यांच्याजवळ दुरुस्तीला आलेल्या जोड्यांची रांग होती. त्यांनी एकेक उलटी करून मला वाचून दाखवली. हा सेफ्टी बूट, टाच घासलेली: दिवसभर काँक्रीटवर उभा असणारा. ही हिऱ्याच्या कारागिराची सँडल: तळवा कोरा, कारण तो घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकाशी, बसून असतो, तुटला आहे तो पट्टा. मग त्यांनी एका बाईची चप्पल हातात दिली. तळव्याची फक्त बाहेरची कड झिजून पातळ झाली होती. “ही पायी कामाला जाते,” ते म्हणाले. “डांबराच्या कडेला उतार असतो. मधून चालली तर गाडी येते, म्हणून कडेने चालते. पाऊल रोज तिरकं पडतं. या रस्त्यानं चालणाऱ्यांच्या चपला अशाच येतात.” आणि शिवताना त्या कडेला ते चामड्याचा एक जादा तुकडा लावतात. त्याचे पैसे घेत नाहीत. “नाहीतर महिन्याभरात गुडघा धरते बाई,” एवढंच कारण.

मी बरीच गावं पाहिली, नगरनियोजनावरची भाषणं ऐकली. रस्त्याचं इतकं खरं मोजमाप मला कुणी दाखवलं नव्हतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत लिहिलं आहे की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. ते कागदावर राहिलं की त्याची किंमत त्या चपलेची कड भरते.

परतताना काकांना विचारलं, “अमेरिकेतल्या उष्ण गावांत तरी चालता येतं का?” ते म्हणाले, गावागणिक वेगळं. ह्यूस्टनची हवा सुरतेसारखीच दमट. तिथल्या मध्यभागात रस्त्याखाली सुमारे दहा किलोमीटरचे थंडगार भुयारी मार्ग आहेत, पण संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ते बहुतेक बंद, आणि वरच्या रस्त्यावर माणूस दिसत नाही. फिनिक्सला २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. तिथे प्रश्न उन्हाइतकाच अंतरांचा, दूध आणायलाही गाडी काढावी लागते. जॉर्जियातलं सव्हाना मात्र वेगळं. १७३३ मध्ये जेम्स ओगलथॉर्पने आखलेलं हे गाव छोट्या-छोट्या चौकांभोवती वसलं. त्यातले २२ चौक आजही शाबूत आहेत आणि त्यांवर ओकच्या झाडांची छत्री आहे. उकाडा तिथेही भरपूर, तरी लोक चौकाचौकातून पायी फिरतात. 

काकांचं म्हणणं मला पटलं. ऊन सगळीकडे आहे. माणूस चालतो की नाही, हे सावली, अंतर आणि रस्ता कुणासाठी बांधला यावर ठरतं. इच्छापोरात ही दोन्ही गावं शेजारी शेजारी आहेत. फळियात सव्हाना आहे, हमरस्त्यावर ह्यूस्टन. फरक इतकाच की ह्यूस्टनमध्ये जवळजवळ प्रत्येकाकडे मोटार आहे. इच्छापोरच्या रस्त्याकडेने चालणाऱ्या बाईकडे दुसरा पर्यायच नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातला जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता.

सुरतेला चालण्याजोगे रस्ते करणं जमणार नाही असं मी मानत नाही. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने स्वतःला झाडूनपुसून उभं केलं, २००६ च्या पुरातून ते सावरलं. आज तिथे बीआरटीएस आहे, मेट्रोचं काम सुरू आहे आणि तिची एक मार्गिका इच्छापोरच्या अलीकडे भेसाणला सुरू होणार आहे. पण मेट्रोतून उतरलेला माणूस पुढे पायीच जाणार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. हे गाव लहान आहे आणि हमरस्त्याचा हा तुकडाही फार लांब नाही. सलग फुटपाथ, दोन्ही कडांना कडुनिंबाची रांग आणि ओलांडायला सिग्नल, एवढ्यावर सुरुवात करता येईल.

आपल्याकडेही हाच महामार्ग जळगाव, भुसावळ, अकोल्यातून जातो आणि त्याच्या कडेने आपलीच माणसं चालतात. वाचकहो, आज घरातल्या रोज पायी जाणाऱ्या माणसाची चप्पल उलटी करून बघा. बाहेरची कड झिजली असेल, तर ती घेऊन आपल्या नगरसेवकाला भेटा आणि फुटपाथ मागा.